प्रमिलाबाईचा जिना

मंगळवारी दुपारी आपण राळेगावच्या नर्सबाईच्या घराचा नकाशा पुरा करून राह्यलो होतो. तू खुर्चीवर, मी तुझ्या डाव्या बाजूले प्लास्टिकच्या स्टुलावर. तुझ्या उजव्या हातात माऊस अन् डावा हात मांडीवर ठेवलेला, दोन वर्षांपासून असते तसा. लकव्यानं तो हात गेला तेव्हापासून कीबोर्डाची डावी बाजू माझ्याकडं होती. दोन बटनांवर तू लाल टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या, एक कंट्रोल अन् एक आर. बाकीच्या बटनांशी माझं काही काम नव्हतं.

"दाबा," तू म्हणाली.

मी दाबलं. पहिल्यांदा आर-संगं शेजारचं टी पण दाबल्या गेलं. माझी बोटं विटा उचलायची, ती एका बटनात मावत नाहीत.

"मिस्त्री, एकच दाबा. शेजाऱ्याच्या घरात कायले जाता?"

पुन्हा दाबलं. कम्प्युटरवरच्या कागदात एक मोठी खिडकी होती, त्यात पूर्ण घराचा नकाशा. त्या मोठ्या खिडकीच्या कोपऱ्यात, जिथं अंगण मोकळं पडलं होतं, तिथं दुसरी लहान खिडकी अन् त्यात जिना. एका खिडकीवर दुसरी खिडकी असली का आतलीत टिचकी मारून जाता येत नाही. टिचकी आतलीवर मारली तरी बाहेरचीच पकडली जाते. म्हणून ती दोन बटनं. दाबली का कम्प्युटर एका खिडकीतून निघून दुसरीत जाते अन् जिच्यात गेला तिची चौकट जाड होते. हे सारं तूच मले शिकवलं, आता वाचणाऱ्यायसाठी लिहून राह्यलो.

"आली का?"

"आली. जाड झाली चौकट."

"कुलूप," तू म्हणाली, अन् माऊसनं त्या खिडकीले कुलूप लावलं. कुलूप लावलं का माऊसचं चाक फिरलं तरी आतलं चित्र लहानमोठं होत नाही. जे माप ठरवलं तेच कागदावर छापून येते. तू दर वेळी कुलूप म्हणायची, मोठ्यानं, एखादी बाई गॅस बंद केला का म्हणते तशी.

मी म्हटलं, "अवं, तुले एक सांगायचं होतं."

"सांगा ना." तू पडद्यावरून नजर हलवली नाही.

"चहा मांडू का?"

तू हसली. "हे विचारायले एवढा घसा साफ केला? मांडा. साखर कमी टाकजा."

मी चहा घेऊन आलो तं तुझं डोकं टेबलाच्या कडेवर होतं. शेजारचे लोक धावले, ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. दिवे लागायच्या टायमाले डॉक्टर बाहेर आला अन् त्यानं मान हलवली. तो चहा मंग कोणी फेकला मले माहीत नाही. मोठ्या खिडकीले कुलूप लावायचं राह्यलं होतं. मी त्याले हात लावला नाही.

चहा मांडू का, हे मले सांगायचं नव्हतं. ते तुलेही समजलं असन. जे सांगायचं होतं ते आता लिहून राह्यलो. तुझं नाव मी चाळीस वर्षांत तोंडानं घेतलं नाही, 'अवं' म्हटलं का तू पाहायची. तू मले मिस्त्री म्हणायची. सारं वणी गाव मिस्त्री म्हणते, पण तुझ्या मिस्त्रीत अन् बाकीच्यायच्या मिस्त्रीत फरक होता.

तू तेव्हा इंजिनेरसाहेबाच्या हापिसात ट्रेसिंग करायची, अन् मी नकाशे न्यायले यायचो. त्या टायमाले नकाशे निळे छापत. कागदाले अमोनियाचा असा वास यायचा का डोळे झोंबत. मी दारात उभा राहून डोळे पुसत होतो तं तू म्हणाली, "रडता कायले, मिस्त्री? घर तं दुसऱ्याचं आहे." तुझं-माझं पहिलं बोलणं ते. तू आयटीआय झालेली अन् मी चवथी. तुझ्या बापानं विचारलं पोरगा किती शिकला, तं तू त्याले म्हणाली का मी जे कागदावर काढते ते तो विटांत काढते, मंग सारखेच शिकलो ना. बापानं लग्न लावून दिलं. माणूस भला होता.

मंग हापिसात कम्प्युटर आले. तू पंचेचाळीस पार केलती. क्लासातले पोट्टे तुले काकू म्हणत, तू पुढच्या बाकड्यावर बसायची. घरी येऊन मले सांगायची. "घर एकदाच काढायचं, खऱ्या मापाचं, पूर्ण. मंग कागदावर खिडक्या कापायच्या. प्रत्येक खिडकीतून तेच घर दिसते. कोणती जवळून दाखवते, कोणती दुरून." मी म्हटलं हे बरं आहे, आम्ही एक खिडकी ठोकतो तं चार दिवस लागतात.

पण खिडकीवर खिडकी मले कधी पटली नाही. त्यावरून आपलं किती भांडण झालं! मी म्हणायचो, "खिडकीत खिडकी कोणी बांधते का? लिंटल कुठं टाकशील? लहान खिडकीले दुसरा कागद घे ना."

"दुसरा कागद घेऊन काय करू? तुम्ही त्यात भाकर बांधता."

ते खोटं नव्हतं. साइटवर दोन कागद दिले का दुसरा माझ्याच्यानं हरवायचाच. भाकर बांधली, नाही तं विडी शिलगावायले फाडला, नाही तं स्लॅब टाकायच्या सेंट्रिंगच्या पाट्यायमधल्या फटीत कोंबला. फटीत कागद कोंबला नाही तं सिमिटाचं पाणी गळते, अन् साइटवर कागद म्हटलं का सारे सारखेच. तू दोनचार वेळा पाह्यलं अन् मंग ठरवलं का मिस्त्रीचं सारं एकाच कागदावर द्यायचं. म्हणून जिन्याची खिडकी अंगणाच्या मोकळ्या जागेत बसवायची. म्हणजे खिडकीवर खिडकी आली ती माझ्यापायी. तू हे मले कधी ऐकवलं नाही. ऐकवायले पाहिजे होतं.

आता सलीमभाईचा जिना.

सलीमभाईचं गॅरेज चंद्रपूर रोडवर, अन् मागं घर. नकाशा हापिसातून तू काढला, बांधकाम मी घेतलं. कागद एकच होता. बाहेरच्या खिडकीत फुटाले दोन सूत माप, आतल्या जिन्याच्या खिडकीत दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्हा मिस्त्री लोकायचं माप. जिना लांब होता, कोपरा लहान होता, म्हणून तू आतलं माप बारीक केलं होतं. त्याच्या खाली तसं लिहिलं होतं. अन् जिन्याच्या वर स्लॅबात जी जागा मोकळी सोडायची, चढताना डोकं लागू नये म्हणून, तिच्यावर आकडा होता. नऊ फूट.

तो आकडा स्वच्छ होता. त्याच्यावर एकही रेष आली नव्हती. अंगण तू खरंच मोकळं सोडलं होतं.

मले तो वाचता आला नाही. जवळचं दिसणं वर्षभरापासून कमी झालतं अन् मी कोणाले सांगतलं नव्हतं. कागद लांब धरला तं अक्षर बारीक, जवळ आणला तं पुसट. खाली सेंट्रिंगवाले उभे होते, बाया टोपले घेऊन उभ्या होत्या. मजुरायच्या समोर मिस्त्रीनं कागद नाकाले लावायचा का? माझा तेव्हा रुबाब होता. मी खिशातून टेप काढला अन् कागदावर लावला. साडेतेरा सूत भरलं. फुटाले दोन सूत, हेच माझ्या डोक्यात. म्हटलं पावणेसात फूट. "पावणेसात सोडा!" मी वरून ओरडलो. त्यांनी पावणेसात सोडले. कागदाचं काम झालं तं मी तो फटीत कोंबला, अन् स्लॅब पडला.

सेंट्रिंग काढलं त्या दिवशी सलीमभाई पह्यल्यांदा जिना चढला. उंच माणूस. नवव्या का दहाव्या पायरीवर त्याचं डोकं स्लॅबाले असं आपटलं का खाली गॅरेजातल्या लोकायले ऐकू आलं. तो कपाळ धरून खाली बसला अन् म्हणे, "मिस्त्रीचाचा, ये घर मेरा है या किसी बौने का?"

लोक हसले. मीही हसलो. मंग इंजिनेरसाहेब आले, त्यायनं टेप लावला. "इथं नऊ पाहिजे होते. पावणेसात कसे?"

मी म्हटलं, "कागदावर पावणेसातच होते, साहेब."

"आकडा काय होता?"

"आकडा दिसत नव्हता. खिडकीवर खिडकी होती ना, रेषांवर रेषा आल्या होत्या. म्हणून टेप लावला."

तोंडातून निघून गेलं. विचार करून बोललो असतो तरी हेच बोललो असतो, हेही सांगतो. साहेबांनी कागद मागितला. कागद स्लॅबात होता.

घरी आलो तं तू हापिसाचा लॅपटॉप उघडून बसली होती. कागद छापल्यावर सलीमभाईनं एक दार बदलायले सांगतलं होतं, त्यासाठी तू फाइल पुन्हा उघडली होती, अन् आतल्या खिडकीत चाक फिरलं होतं. कुलूप लावलेलं नव्हतं. आता त्या खिडकीत दीड सूत नव्हतं, भलतंच काही होतं. छापलं तेव्हा काय होतं हे तुले सांगता येईना.

"माझंच चाक फिरलं असन, मिस्त्री," तू म्हणाली. "छापायच्या आधी फिरलं का मंग, काय माहीत."

मी चुलीपाशी भाकर खाऊन राह्यलो होतो. ताटातली पुरी भाकर खाल्ली. मंग अजून एक मागितली.

दोन दिवसांनी तू विचारलं, एकदाच. "आकडा खरंच दिसत नव्हता का? मी तं अंगण मोकळं सोडलं होतं."

"नव्हता," मी म्हटलं.

तू माझ्याकडं पाह्यलं. "बरं," म्हणाली. त्यानंतर अकरा वर्षांत कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तू मले चष्म्याच्या दुकानात नेलं. "पेपर वाचायले होईल," म्हणाली. मी पेपर कधी वाचत होतो? दुकानवाल्यानं बारीक अक्षरायची पाटी पुढं केली अन् मी वाचून दाखवली. तू बाजूले उभी होती, माझ्याकडं नाही, पाटीकडं पाहत होती. येताना रसवंतीवर रस पाजला. मी म्हटलं आज काय आहे, तं म्हणाली, "काही नाही. चष्मा शोभून राह्यला."

तेव्हा मी फक्त खुश झालो. चष्मा भेटला, बायको चांगलं बोलली, गोष्ट मिटली. मंगळवारपासून मात्र तो रविवार डोक्यातून जात नाही. तुले माहीत होतं का? माहीत असन तं बोलली काहून नाही? एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. तू रस पाजला. याचा मले राग येऊन राह्यला, खरं सांगतो. एखाद्याची चूक झाकायची तं निदान त्याले कळू द्यावं का झाकली.

साहेबांनी तुले काढलं नाही. पण काम देणं बंद केलं. आधी जिने गेले, मंग घरं गेली, मंग तू स्वतःच जाणं सोडलं. घरी कम्प्युटर घेतला अन् गोठे, संडास, पिठाच्या गिरणीची खोली, असं जे येईल ते काढत गेली. पुसदवरून रंजना आली का म्हणायची, "आई, तू एवढी हुशार, अन् गोठ्यायचे नकाशे काढते." तू म्हणायची, "गायीचं डोकं आपटलं तं ती बोलत नाही." पोरगी हसायची. मी उठून अंगणात जायचो.

अन् तिकडं हापिसात तुझ्या नावाचा शब्द झाला. मले तो एका साइटवर समजला. हापिसातली नवी पोरगी कागद घेऊन आलती, मी तिले विचारलं खिडक्यायले कुलूप लावलं का. ती म्हणे, "काका, तुम्हाला पण माहीत आहे? सर पहिल्याच दिवशी सांगतात. खिडकीवर खिडकी ठेवली अन् कुलूप नाही लावलं तर प्रमिलाबाईचा जिना होतो." तिले माहीत नव्हतं मी कोण. मी म्हटलं, असं का. अन् ओळंबा लावत बसलो. भिंत सरळच होती.

तुले तो शब्द ठाऊक होता का नव्हता, मी कधी विचारलं नाही. बाजारात त्याच हापिसातल्या बाया भेटतात, ठाऊकच असन. तू मात्र दर खिडकीले कुलूप लावताना मोठ्यानं म्हणत राह्यली. अकरा वर्षं. मी शेजारच्या खोलीत असलो तरी ऐकू यायचं. स्वतःची नसलेली चूक तू रोज दुरुस्त करत होती अन् चूक करणारा शेजारच्या खोलीत सुपारी कातरत होता.

तुझा हात गेला तेव्हा मी तुझ्या बाजूले बसायले लागलो. शेजारच्या बाया म्हणत, पाहा मिस्त्री कसा बसते बायकोजवळ, बटनं दाबून देते. तुले पण वाटलं असन का माया आहे. माया होती. पण आधी भीती होती. मले वाटायचं, मी बाजूले असलो तं आता चूक होणार नाही. अन् मंग ती दोन बटनं दाबायची सवय झाली, अन् नंतर ते आवडायले लागलं. दुपारी जेवण झाल्यावर तू म्हणायची, "चला मिस्त्री, कामावर." बांधकाम सोडल्यावर मले कामावर चला म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. ती दोन वर्षं माझ्या साऱ्या आयुष्यात चांगली गेली. तुझा हात गेला म्हणून चांगली गेली, हे लिहायले बरं नाही वाटत. पण तसंच आहे.

बुधवारी सकाळी लोक जमले. तुले ओसरीवर ठेवलं होतं. सलीमभाई आला, त्याच्या घरच्या बाया आल्या. इंजिनेरसाहेबही आले, हार घेऊन. म्हातारे झाले ते पण. तुझ्या पायाशी हार ठेवला, हात जोडले, अन् बाजूच्या माणसाले म्हणाले, "बाईचं काम म्हणजे काम होतं. एवढी स्वच्छ रेष अजून कोणाची पाहिली नाही. तो एक जिना सोडला तर."

मी तुझ्या पायाशीच बसलो होतो. उठलो. म्हटलं, "साहेब, तो जिना तिचा नाही. तो माझा आहे. कागद बरोबर होता, मी चूक वाचला."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समजतं मिस्त्री. माणूस गेल्यावर असं वाटतंच."

"वाटून नाही राह्यलं. सांगून राह्यलो."

"भाऊजी, बसा," तुझा भाऊ म्हणे. "आता कायले ते."

रंजनानं मले धरून खाली बसवलं, "बाबा, पाणी प्या." अन् मागून एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "किती जीव होता बाई बायकोवर! तिची चूक पण आपल्या अंगावर घेऊन राह्यला."

मी खोटं बोललो तेव्हा त्याच साहेबांनी एका झटक्यात विश्वास ठेवला होता. खरं बोललो तं लोकायनं ते माझं दुःख समजलं. तुले उचललं, नेलं, अग्नी दिला, अन् घरी येताना लोक माझ्याकडं पाहून मान हलवत होते. प्रमिलाबाईचा जिना तसाच उभा होता. उलट आता त्याच्यावर माझ्या मायेचा गिलावा चढला होता.

गुरुवारी सकाळी रंजना आंघोळीले गेली तेव्हा मी चष्मा घातला, टेप घेतला अन् निघालो. सुतकात माणूस दुसऱ्याच्या दारी जात नाही, मले माहीत आहे. म्हणून आत गेलो नाही. हापिसाच्या पायरीच्या खाली, रस्त्यावर उभा राह्यलो अन् हाक मारली, "साहेब, बाहेर या. सुतक आहे, मी आत येत नाही."

शेजारच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहायले लागले. साहेब आले. मागून दोन पोरी आल्या, कम्प्युटरवर बसणाऱ्या. त्यातली एक तीच, साइटवरची.

"मिस्त्री, तुम्ही घरी जा. मी येतो संध्याकाळी."

"पाच मिनिटं." मी पायरीवर टेप ठेवला, पेन्सिलीनं साडेतेरा सुताची रेष मारली. पोरीले म्हटलं, "फुटाले दीड सूत धर. ही रेष किती?"

तिनं वाकून मोजलं. "नऊ फूट."

"आता फुटाले दोन सूत धर."

ती मनात करत राह्यली. "सहा फूट नऊ इंच," म्हणाली.

"सलीमभाईच्या स्लॅबात किती जागा आहे, साहेब?"

साहेब रेषेकडं पाहत होते.

मी म्हटलं, "चाक फिरलं असतं तं वाटेल ते माप आलं असतं. असं पावणेसात भरलं नसतं. कागदावर दीड सूत होतं, तिनं ठेवलं तसंच. मी दोन सुतानं मोजलं. चाक फिरलं ते छापल्यावर."

"अन् आकडा? रेषांवर रेषा होत्या म्हणाला होतात तुम्ही."

"खोटं बोललो. नऊ लिहिलं होतं, स्वच्छ. मले जवळचं दिसत नव्हतं. मजुरायसमोर चष्मा लावायची लाज वाटली."

"अकरा वर्षं, मिस्त्री?"

"तुम्ही माझं काम बंद केलं असतं."

"मी तिचं बंद केलं."

"हो," मी म्हटलं. "ते मी पाह्यलं."

साहेब पायरीवरच बसले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या पँटीत, धुळीत. म्हणाले, "आत या. पाणी घ्या."

"सुतक आहे."

"मग मी आता काय करू, सांगा."

त्यांना करायसारखं काही राह्यलं नव्हतं, अन् मलेही त्यांच्याकडून काही नको होतं. मी पोरींकडं वळलो. म्हटलं, "पोरींनो, नवीन माणूस आला का त्याले प्रमिलाबाईचा जिना म्हणून जे सांगता ना, ते आजपासून सांगायचं नाही. तिच्या कागदावर चूक नव्हती. आकडा लिहिलेला असताना जो कागदावर टेप लावते, त्याचा तो जिना. माझं नाव धनराज आहे. धनराज मिस्त्रीचा जिना म्हणा."

दोघी साहेबांकडं पाहायले लागल्या. साहेबांनी मान हलवली.

साइटवरची पोरगी हळूच म्हणाली, "धनराज मिस्त्रीचा जिना."

"मोठ्यानं म्हण," मी म्हटलं.

पानठेल्यावरचे लोक आता जवळ आले होते. तिनं एकदा त्यांच्याकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं, अन् मोठ्यानं म्हटलं.